मारुती ८००, १९९८ मॉडेल: गार इंजिनातली टकटक

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

गाडी मारुती ८००. कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. मीटरवर एक लाख आठ हजारांच्या पुढे. वडिलांनी नवीन घेतलेली, आयुष्य सगळं कोल्हापुरात गेलेलं. यंदा आरसीचं नूतनीकरण झालं, पाच हजार रुपये फी भरून झाली, त्यामुळे अजून पाच वर्षं गाडी ठेवायची हे घरात ठरलेलं आहे. विकून मोकळं होण्याचा पर्याय नाही.

तक्रार अशी: सकाळी पहिल्या स्टार्टला बॉनेटखालून कोरडी, धारदार टकटक. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा वेग वाढतो. गाडी ओढत असेल, म्हणजे चढावर किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उचलताना, तर जास्त. दहा-बारा मिनिटं गाडी चालली की कमी होत होत जाते. संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहिली की पुन्हा हजर.

दिवाळीआधी एका गॅरेजला दाखवली होती. बॉनेट उघडायच्या आधीच निदान झालं: टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबून उघडणारा रॉकर यांच्यातली फट. नऊशे रुपयांत टॅपेट सेट करून मिळाले. दुपारी ताब्यात घेतली तेव्हा गाडी शांत होती, पण ती तेव्हा गरमही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक तशीच, आणि वर दोन नवी दुखणी: स्टार्ट व्हायला वेळ लागतो, आणि चोक ओढूनही पहिली काही मिनिटं इंजिन हलतं, जणू एक सिलिंडर अर्धाच मारतोय. परत नेली तर उत्तर मिळालं, "इंजिन थकलंय साहेब, हाफ इंजिन करून घ्या. अठरा-वीस हजारांत होईल."

टकटक म्हटलं की टॅपेट, आणि टॅपेटने भागलं नाही की हाफ इंजिन (इंजिन अर्धं खोलून झिजलेले भाग बदलणं), या दोन पायऱ्यांच्या मध्ये काहीच नाही असं दिसतंय. म्हणून स्वतः शोधायचं ठरवलंय. नियम एकच: आवाज कुठून येतो त्यावर बोट ठेवता येईपर्यंत कशालाही पाना लावायचा नाही.

२१ नोव्हेंबर

आधी स्वस्तातलं. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्या जरा वर, रंग काळा. बदलायची वेळ होऊन गेली होतीच. ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टीचा तीन लिटरचा डबा आणि नवा फिल्टर, मिळून १,४५० रुपये. निघालेलं ऑइल पसरट घमेल्यात घेतलं, उन्हात धरून पाहिलं, चुंबक फिरवला. चकाकी नाही, चुरा नाही. बेअरिंग जात असतं तर इथे काहीतरी दिसलं असतं. चावी फिरवल्यावर ऑइलचा दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच लगेच विझतो, म्हणजे प्रेशरही येतंय.

आवाजात काडीचा फरक नाही. पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, ऑइल बदलायचंच होतं. पण कोणी "जाड ऑइल टाक, आवाज जाईल" असं सुचवलं तर त्याआधी पुढची नोंद वाचा.

२६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस फक्त ऐकण्याचा. दोन अवजारं: लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, आणि बागेच्या पाइपाचा मीटरभर तुकडा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडाला. पाइपाचं एक तोंड कानाशी, दुसरं हवेत धरून फिरवायचं. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातलं काहीही नको. बेल्ट फिरत असतो आणि रेडिएटरचा पंखा विजेवरचा असल्याने न सांगता सुरू होतो.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाव वेगाने ऐकला. स्लो रनिंग मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास धरलं तर क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) सेकंदाला पंधरा फेरे मारतो आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्मे, साडेसात. पाव वेगावर सेकंदाला दोनला जरा कमी ठोके आले, म्हणजे कॅमच्या वेगाचा आवाज. हे कळल्यावर आनंद झाला आणि लगेच ओसरला, कारण एक टॅपेट, पेट्रोलचा एसी पंप आणि एकाच सिलिंडरची एक्झॉस्ट गळती, तिघांचा ताल हाच. क्रँकबरोबर फिरणाऱ्या गोष्टी, म्हणजे पुली वगैरे, तेवढ्या यादीतून गेल्या.

मग एकेक जागा.

फॅन बेल्ट काढून मिनिटभराच्या आत इंजिन चालवून बंद केलं. आवाज तोच. अल्टरनेटर आणि बेल्ट सुटले.

टायमिंग बेल्टचं कव्हर: घासण्याचा आवाज नाही.

प्लग: तिन्ही घट्ट. सैल प्लगमधूनही अशीच टकटक येते, म्हणून हे आधी बघावं, फुकट आहे.

प्लगच्या वायरी: पहाटे अंधारात बॉनेट उघडून पाहिलं. कुठेही निळी ठिणगी उडत नाही.

एसी पंप (पेट्रोल ओढणारा, कॅमवर चालणारा, थंड हवेशी याचा संबंध नाही): याची स्वतःची एक टणक टकटक आहे. स्क्रू ड्रायव्हर लावला की कानात ठणकते. पण ती गार असताना जेवढी, गरम झाल्यावरही तेवढीच. आपला आवाज गरम झाल्यावर जातो. म्हणजे हा नव्हे. बऱ्याच ८०० मध्ये हा पंप असाच वाजतो आणि लोक त्यापायी टॅपेट आवळून घेतात.

रॉकर कव्हर: स्क्रू ड्रायव्हरमधून कुजबुज ऐकू येते, तीही एक आणि दोन नंबरवर. तीन नंबरवर जवळजवळ काहीच नाही. तेव्हा हे चांगलं लक्षण वाटलं.

ब्लॉकचा खालचा भाग: जड, घुमणारा ठोका नाही. कनेक्टिंग रॉडचा आवाज खोल असतो, पोटातून येतो. इथे तसं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (तिन्ही सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा लोखंडी भाग) स्क्रू ड्रायव्हर लावला तर विशेष काही ऐकू येईना. पाइप नेला तर तीन नंबरच्या तोंडाशी कानात फट्-फट्-फट् असा मारा. स्क्रू ड्रायव्हर धातूतून येणारा आवाज दाखवतो, पाइप हवेतून येणारा. स्क्रू ड्रायव्हर गप्प आणि पाइप ओरडतोय, म्हणजे धातू धातूवर आपटत नाही, हवा फुटून बाहेर येतेय.

यानंतर प्लगची वायर काढून बघायची होती, पण एवढ्या सगळ्या ऐकण्यात इंजिन तापलं आणि टकटक गेली. गार स्टार्ट सकाळी एकदाच मिळतो. या कामात खरा वेळ खाल्ला तो या गोष्टीने. एक चाचणी, मग उद्याची वाट.

२७ ते २९ नोव्हेंबर

रोज सकाळी एक सिलिंडर. इंजिन बंद असतानाच एका प्लगची वायर काढायची, तिच्या टोकाला जुना प्लग लावून तो इंजिनाच्या लोखंडाला घट्ट टेकवून ठेवायचा (वायर हवेत लोंबकळत ठेवली तर कॉइलवर ताण येतो), आणि मग स्टार्ट. चालू इंजिनावर हाताने वायर उपटू नका, झटका बसतो.

एक नंबर काढला: इंजिन जोरात हललं, टकटक कायम. दोन नंबर: तेच. तीन नंबर: टकटक गायब.

टॅपेटचा आवाज जाळ बंद केल्याने जात नाही. सिलिंडरमध्ये ठिणगी पडो न पडो, व्हॉल्व्ह उघडतच असतो, रॉकर आपटतच असतो. आवाज जाळाच्या दाबाबरोबर गेला, म्हणजे तो त्या दाबाचाच आहे. रॉडचा किंवा पिस्टनचा आवाजही असाच जातो, हे लक्षात ठेवायला हवं, पण तो पाइपातून फट्-फट् असा येत नाही आणि रॉडचा ठोका गरम झाल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

पण याच चाचणीत दुसरी गोष्ट दिसली, आणि ती जास्त काळजीची. एक किंवा दोन नंबर बंद केला की इंजिन बंद पडायच्या बेतात येतं. तीन नंबर बंद केला तर फारसा फरकच नाही. म्हणजे गार असताना तीन नंबर तसाही धड कामाला नाही. एक्झॉस्टच्या गळतीने असं होत नाही. दोन वेगवेगळे बिघाड आहेत.

३० नोव्हेंबर

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजायचं) विकत घेतलं, १,१०० रुपये. भाड्याने किंवा उसनं मिळालं तर तसंच घ्यावं, रोज लागणारी वस्तू नाही. तिन्ही प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, गार इंजिनावर स्टार्टर मारला.

एक नंबर ११.५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), दोन नंबर ११.२, तीन नंबर ७.८.

तीन नंबरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं: ८.१. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चांगला वर गेला असता. गेला नाही, म्हणजे हवा व्हॉल्व्हमधून जातेय. आणि व्हॉल्व्हला शेवटचा हात कोणी लावला होता ते आपल्याला माहीत आहे.

हाफ इंजिनाचे वीस हजार या एका चमचा ऑइलवर वाचले असं मी मानतो.

३ डिसेंबर, रविवार

रॉकर कव्हर उघडलं. गाडी रात्रभर उभी, इंजिन पूर्ण गार. प्लग काढलेले. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मेहुण्याने मागून हळूहळू ढकलली की क्रँक सावकाश फिरतो, पान्याने पुली फिरवण्यापेक्षा हे सोपं. फायरिंग ऑर्डर १-३-२, म्हणजे एकाचं माप झालं की क्रँकच्या २४० अंशांनंतर तीन, मग दोन.

पुस्तकी रीत अशी की सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आला की त्याचे दोन्ही रॉकर हाताला ढिले लागतात, तेव्हा फट मोजायची. तीन नंबरचा एक्झॉस्ट रॉकर कुठेच ढिला लागेना. शेवटी डेल्कोचं (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा डबा) कव्हर काढून आतला फिरणारा रोटर तीन नंबरच्या वायरीकडे तोंड करतो तिथे थांबलो.

फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्याची पानं) आलेली मापं, मिलिमीटरमध्ये: एक नंबर इनलेट ०.०८, एक्झॉस्ट ०.०६. दोन नंबर दोन्ही ०.०८. तीन नंबर इनलेट ०.०५. तीन नंबर एक्झॉस्टमध्ये सगळ्यात बारीक, ०.०४ चं पानसुद्धा शिरत नाही. रॉकर व्हॉल्व्हवर कायमचा दाबून बसलेला, व्हॉल्व्ह केसभर उघडा. गेल्या रविवारी तीन नंबरवर शांतता ऐकू आली होती ती याची.

काय झालं असणार ते मापांवरून कळतं. या इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा भाग, व्हॉल्व्ह यातच असतात) अ‍ॅल्युमिनियमचं. तापलं की ते फुगतं आणि टॅपेटची फट वाढते. म्हणून पुस्तकात दोन आकडे असतात: गारला ०.१५ च्या आसपास, गरमला ०.२५ च्या आसपास. गरम इंजिनावर गारचा आकडा लावला तर इंजिन गार होताच फट जवळजवळ संपते. एक आणि दोन नंबरवर नेमकं तेच दिसतंय. तीन नंबरकडून आवाज येतोय म्हणून तिथे आणखी थोडा आवळला असावा. गॅरेजात गेलेली गाडी गरमच असते, ती गार व्हायला तीन-चार तास कोण थांबणार?

गाडी अशीच पुढे चालवली असती तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला असता. व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर ती जाणार कुठे? वाजणाऱ्या टॅपेटने इंजिन मरत नाही, न वाजणाऱ्याने मरतं.

सहाही ०.१५ वर लावले. पान दोन बोटांत धरून ओढताना हलकी पकड लागली पाहिजे, अडकायला नको. लॉक नट आवळताना आतला स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून नट आवळल्यावर पुन्हा पान घालून बघणं भाग आहे. दर वेळी. माझा जवळजवळ प्रत्येक स्क्रू पहिल्या फेरीत ०.०२ तरी सरकला होता.

कव्हरचं पॅकिंग नवं टाकलं, १८० रुपये. जुनं कडक होऊन पापडासारखं तुटलं.

तीन नंबरचं कॉम्प्रेशन: १०.९. व्हॉल्व्ह वाचला.

स्टार्ट पहिल्याच फटक्यात, हलणं बंद. आता रॉकर कव्हरमधून सहाही टॅपेटची बारीक, सारखी चटचट ऐकू येते, आणि तिच्यावर मॅनिफोल्डची मूळ टकटक होतीच. शेजारचे काका चहाचा कप घेऊन बघत होते. म्हणाले, "सुट्टीचा दिवस घालवून आवाज वाढवलास व्हय?"

५ डिसेंबर

मध्येच एक शॉर्टकट. दुकानदाराने सायलेन्सरची पेस्ट दिली, १६० रुपये. मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर बाहेरून थापली, रात्रभर वाळवली. सकाळी दोन मिनिटं शांतता, मग पेस्टचा खपला उडून खाली पडला आणि टकटक सुरू. ही पेस्ट सायलेन्सरच्या पाइपाला पडलेल्या भोकाला ठीक. हेडच्या तोंडाशी दाबही जास्त आणि फटही तापमानाबरोबर कमी-जास्त होणारी. इथे टिकत नाही.

१० डिसेंबर, रविवार

गळतीची खात्री. मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं कव्हर काढलं. घरचा व्हॅक्युम क्लीनर फुंकर मारायच्या बाजूने सायलेन्सरच्या शेपटीला लावला, भोवती ओलं फडकं गुंडाळलं. इंजिन बंद आणि पूर्ण गार. भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने मॅनिफोल्डच्या सांध्यावर सोडलं. एक नंबर कोरडा, दोन नंबर कोरडा, तीन नंबरच्या वरच्या अंगाला फेसाचे फुगे. त्याच जागी हेडवर काजळीचा काळा पंखा उमटलेला होता, पत्र्याखाली असल्याने इतके दिवस दिसला नव्हता.

ज्यांच्याकडे व्हॅक्युम क्लीनर नाही त्यांनी पत्रा काढून नुसती काजळी शोधली तरी चालेल. गळतीचा पुरावा म्हणून ती पुरेशी आहे.

तीन नंबरचा वरचा नट बोटाने फिरला. नट फिरतोय, बरोबर स्टडही (हेडमध्ये रुतलेला, आटे असलेला दांडा) फिरतोय, आणि दोन्ही मिळून हातात आले. स्टड हेडच्या पातळीला तुटलेला, अर्धा आत. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग जुना, गंजून तपकिरी. थोडा भाग चकचकीत. म्हणजे चीर कधीची होती, पूर्ण तुटला अलीकडे.

मॅनिफोल्ड एका बाजूने मोकळा झाल्यावर गार असताना केसभर फट, तापल्यावर लोखंड फुगून फट बंद. म्हणून सकाळची टकटक आणि दुपारची शांतता. गॅरेजला दुपारी नेलेली गाडी शांत होणारच होती, टॅपेट सेट केले असते किंवा नुसता चहा पिऊन परत आलो असतो तरी.

स्टड का तुटला ते गाडीखाली गेल्यावर दिसलं. सायलेन्सर लटकवायच्या रबरांपैकी पुढचं रबर नाहीच, मधलं चिरलेलं. पाइपाचं ओझं आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका मॅनिफोल्डच्या स्टडवर. नुसता स्टड बदलून रबर तसंच ठेवलं असतं तर वर्षभरात पुन्हा हेच.

आणखी एक: इंजिनाजवळची ही गळती नुसत्या आवाजाची नसते. धूर बॉनेटखालून हीटरच्या वाटेने आत येऊ शकतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड विषारी, त्याला वास नसतो. काम होईपर्यंत काचा उघड्या ठेवून चालवतोय, मुलांना बसवत नाही.

बाकी नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवलाय. उद्या रात्री पुन्हा.

१३ डिसेंबर

उद्यमनगर. कोल्हापुरात असल्याचा हा फायदा: इंजिनाचे सुटे भाग घडवणारी, लेथ आणि वेल्डिंगची दुकानं एकाच भागात दाटीने आहेत, आणि अडकलेला स्टड काढणं हे तिथलं रोजचं काम. आधी एका ठिकाणी सांगितलं गेलं की हेड खोलावं लागेल. तिथून निघालो. पुढच्या दुकानातल्या म्हाताऱ्या वेल्डरमामांनी बॅटरीचा उजेड मारून पाहिलं. "हेड कशाला खोलायचं? जाग्यावर निघतंय. पण घाई करायची न्हाई."

आधी बाकीचे नट सोडले. एक स्टड सोडतानाच पिळून तुटला, तो बाहेर बोटभर उरला होता म्हणून बरं. मॅनिफोल्ड उतरवला. वेल्डिंगचा हात जाईल एवढी जागा करायला आजूबाजूचं जे सुटतं ते सोडलं. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, अल्टरनेटरचं कनेक्शन काढलं. पेट्रोलची नळी सोडून तोंड बंद केलं, कार्बोरेटरवर ओलं पोतं. वाळूची बादली शेजारी. कार्बोरेटरच्या गाडीवर ठिणगी पाडायची तर एवढं करावंच, आणि जो वेल्डर हे न करता मशीन सुरू करेल त्याला थांबवावं.

पद्धत: तुटलेल्या स्टडच्या तोंडावर वेल्डिंगचे थेंब टाकत त्याला हेडच्या बाहेर वाढवायचं, मग त्यावर मोठ्या भोकाचा नट ठेवून आतून वेल्ड भरायचं. लोखंडाचं वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडच्या आट्यांना चिकटत नाही. शिवाय त्या तापण्याने स्टडभोवतीची गंजाची पकड सुटते. नट लाल असतानाच पाना लावायचा नाही, लाली गेली की लावायचा. पहिला नट स्टडसकट न येता नुसताच तुटून आला. मामांनी शांतपणे दुसरा चढवला, थोडं निवू दिलं, पाना पुढे-मागे असा इंच इंच हलवला आणि स्टड करकरत बाहेर आला. आटे शाबूत. टॅप फिरवून साफ केले.

ड्रिलने काढायचा सल्ला मला अनेकांनी दिला होता. कडक स्टड आणि मऊ हेड, ड्रिल जरा सरकलं की ते हेडमध्ये घुसतं, मग हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी तारेची गुंडाळी) बसवा. शेवटचा उपाय म्हणूनच ठेवावा.

दोन स्टड काढायचे ७०० रुपये. मॅनिफोल्डच्या तोंडावर सपाट पट्टी ठेवून खाली फिलर गेज घातलं तर तीन नंबरकडे ०.३ चं पान सहज जातंय. वाकलाय. नवं पॅकिंग टाकूनही गळला असता. शेजारच्या दुकानात फेसिंग (तोंड घासून सपाट करणं) करून घेतलं, ३५० रुपये. फेसिंगला टाकायच्या आधी तडा आहे का ते बघून घ्यावं, तडा असेल तर ते पैसे वाया.

१६ डिसेंबर

फिटिंग. स्टड सगळेच नवे घेतले, नट तांब्याचा मुलामा असलेले, मिळून २६०. मॅनिफोल्डचं पॅकिंग २२०. सायलेन्सरची रबरं सगळी मिळून १४०, आणि त्यांना आज पहिला मान: आधी पाइप रबरांवर लटकवला, मग मॅनिफोल्डला जोडला. उलट केलं तर नव्या स्टडवर पहिल्या दिवसापासून ओझं.

हेडचा पृष्ठभाग ब्लेडने खरवडताना अ‍ॅल्युमिनियमला ओरखडे पडतात, म्हणून लाकडाच्या पट्टीने आणि थिनरने साफ केला. वेळ गेला. पॅकिंगला पेस्ट लावली नाही. नट मधून बाहेर, थोडे थोडे करत आवळले, शेवटी टॉर्क पान्याने २० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना वापरा, लांब दांड्याच्या पान्याने आठ एमएमचा स्टड पिळायला क्षणही लागत नाही.

स्टार्ट केलं. पहिल्या तापण्यात धूर निघतो, तो ऑइलचे हात आणि स्प्रे जळल्याचा. घाबरू नये.

१७ डिसेंबर, रविवार

सकाळी सहाला, थंडीत, गार स्टार्ट. टकटक नाही. पाइप तीन नंबरच्या तोंडाशी नेला, नुसता सपाट घोगरा आवाज. टॅपेटची सारखी चटचट आहे, एसी पंपाची टणटण आहे. दोन्ही राहणार.

मग पन्हाळ्याला. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ओढ देऊन चढवली, कारण गळती लोडवर आधी उघडी पडते. काही नाही. वर जाऊन पत्र्याखाली आरशाने पाहिलं, काजळी नाही.

खर्चाचा हिशेब, जो करणार असेल त्याच्यासाठी: आवाजाचं खरं काम म्हणजे स्टड काढणं, फेसिंग, स्टड-नट, पॅकिंग आणि रबरं, १,६७०. टॅपेट पुन्हा लावायला फक्त १८० चं पॅकिंग, फिलर गेज १५० चं. ऑइल १,४५०, कॉम्प्रेशन गेज १,१००, उडालेली पेस्ट १६०, आणि गॅरेजचे पहिले ९००.

७ जानेवारी २०२४

मॅनिफोल्डचे नट पूर्ण गार इंजिनावर पुन्हा तपासले. नवं पॅकिंग तापून-निवून दबतं, त्यामुळे हे करायचंच असतं. तीन नंबरचे दोन नट जवळजवळ पाव फेरा गेले, बाकीचे जागच्या जागी. गरम असताना आवळू नका, निवल्यावर स्टडवर किती ताण येईल याचा अंदाज राहत नाही.

तीन नंबरचं कॉम्प्रेशन आज ११.१. फट पुन्हा मोजली, एक्झॉस्ट ०.१५ वरच आहे. ती मुद्दाम पाहिली, कारण त्या व्हॉल्व्हने काही आठवडे मार खाल्लाय. त्याचं तोंड किंवा सीट खराब होऊन आत बसत चालली असेल तर फट हळूहळू कमी होत जाईल. दर पाच हजार किलोमीटरला फक्त या एका व्हॉल्व्हचं माप घेणार. ०.१० च्या खाली आलं तर हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, आणि टायमिंग बेल्टही तेव्हाच.